न पुसलेली रेघ

नकाशा वाचणे हा महसूल खात्यातल्या माणसाला जडलेला कायमचा रोग आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली, तरी नव्या मुलखात पाऊल टाकले की देऊळ, बाजार, खाणावळ यांच्या आधी माझी नजर शिवेचा दगड शोधू लागते. इथली हद्द कुठे संपते? पलीकडचा तालुका कोणता? लोकांना कचेरीसाठी किती लांब जावे लागते? गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे पोलंडमध्ये दोन महिने राहून आलो, तेव्हाही हेच झाले. ती व्रोत्स्वाफ शहरात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे देशाचा नकाशा मागितला. "बाबा, तुम्ही इथे विश्रांतीला आला आहात," ती म्हणाली; पण नकाशा आणून दिला.

पोलंड हा देश आकाराने जवळपास आपल्या महाराष्ट्राएवढाच आहे, ही गोष्ट मला त्या नकाशापुढे बसेपर्यंत कधी जाणवली नव्हती. आपले क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरच्या घरात, त्यांचे तीन लाख बारा हजारांच्या घरात. लोकसंख्या मात्र पावणेचार कोटींच्या आसपास. एवढ्या देशाचे सोळा प्रांत केलेले आहेत. नकाशात खाली, नैर्ऋत्येला, चेक सीमेला टेकलेला एक छोटासा तुकडा दिसला. डावीकडे लोअर सायलेशिया, उजवीकडे सायलेशिया, असे दोन दांडगे शेजारी आणि मध्ये हा. गर्दीच्या बाकावर दोन थोराडांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या शाळकरी पोरासारखा. त्याचे नाव ओपोले. क्षेत्रफळ 9,412 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून मोठा आणि साताऱ्याहून लहान. वस्ती साडेनऊ लाखांच्या आसपास. जमिनीनेही देशात सर्वांत लहान, माणसांनीही सर्वांत लहान.

हिशेबी माणसाला असा तुकडा पाहिला की पहिला प्रश्न पडतो, हा वेगळा ठेवलाच कशाला? अर्धा इकडे, अर्धा तिकडे वाटून टाकला असता तर दोन कचेऱ्यांचा खर्च वाचला असता. हे मी मुलीजवळ बोललो आणि तिने ते सहज तिच्या घरमालकीणबाईंना सांगितले. बाई मूळच्या ओपोलेच्या. (पोलिश भाषेत बुवांना 'पान' आणि बाईंना 'पानी' म्हणतात, त्यामुळे आमचे सारे संभाषण पान-पानी करीतच चालत असे.) त्यांनी मुलीला एवढेच सांगितले, की तुझ्या वडिलांना म्हणावे, रविवारी गाडीने ओपोलेला जाऊ. वाटून टाकायचे की नाही, ते तिथे जाऊन ठरवू.

व्रोत्स्वाफहून ओपोलेचा रेल्वेप्रवास तासाभराचा. रूळ ओद्रा नदीच्या खोऱ्यातूनच जातात. सपाट मुलूख, गव्हाची आणि मोहरीसारख्या पिवळ्या फुलांच्या रेपसीडची शेते, मधूनच विटांच्या चर्चचा मनोरा. ब्झेग नावाचे किल्ल्याचे गाव लागले तसे बाई म्हणाल्या, "आमचा प्रांत सुरू झाला." मी खिडकीतून पाहिले. अलीकडच्या गव्हात आणि पलीकडच्या गव्हात काडीचा फरक नव्हता. खरे म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने ब्झेग आणि त्याच्या उत्तरेचे नामिस्वूफ ही दोन्ही गावे लोअर सायलेशियाची. ती ओपोलेला जोडली 1950 मध्ये, हा प्रांत प्रथम तयार केला तेव्हा. उलट पूर्वेकडचे ओलेस्नो हे अगदी ओपोलेच्या कुशीतले गाव 1975 च्या फेररचनेत उचलून चेंस्तोहोवाच्या प्रांतात टाकले होते. ते परत यायला तेवीस वर्षे लागली.

दक्षिणेला जमीन चढत जाते. चेक सीमेवर ओपावा डोंगररांग आहे आणि तिचे बिस्कुपिया कोपा हे शिखर जेमतेम 890 मीटर. सह्याद्रीच्या माणसाला ते कौतुकाचे नाही. पण प्रांतातले सर्वांत उंच ठिकाण तेच. त्याच बाजूला ग्वुबचित्सेचे लोएस मातीचे सुपीक पठार आहे. शहराच्या आग्नेयेला चारशे मीटरचा एक डोंगर एकटाच उभा दिसतो. तो विझलेला ज्वालामुखी. त्यावर संत अन्नेचे देवस्थान आहे, आणि सगळ्या सायलेशियातून यात्रेकरू तिथे येतात.

या डोंगराजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण या प्रांताची सारी गुंतागुंत तिथे एका जागी सापडते. हा मुलूख मध्ययुगात पियास्त घराण्याच्या सरदारांचा. पुढे बोहेमियाच्या राजाचा, मग हाब्सबर्गांचा, 1742 मध्ये प्रशियाचा आणि त्यातून जर्मनीचा. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा जन्माला आला तेव्हा अपर सायलेशिया कोणाचा, यासाठी 20 मार्च 1921 रोजी सार्वमत घेतले गेले. एकूण मते जर्मनीच्या बाजूने अधिक पडली. पण गावोगावचे चित्र ठिपक्याठिपक्यांचे होते. दोनच महिन्यांत संत अन्नेच्या डोंगरावर पोलिश बंडखोर आणि जर्मन स्वयंसेवक यांची लढाई झाली. अखेर प्रदेश वाटला गेला आणि ओपोले जर्मनीत राहिले. पुढे नाझींनी डोंगराच्या दगडखाणीत एक प्रचंड रंगमंडल बांधले. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडने तिथे आपल्या बंडखोरांचे स्मारक उभारले. दोन्ही आजही एकमेकांच्या अंगावर उभी आहेत आणि खालून यात्रेकरू आपले जपमाळ ओढीत वर चढतात. प्रार्थना पोलिशमध्येही होते आणि जर्मनमध्येही.

1945 मध्ये सीमा पश्चिमेला सरकल्या. ओपेल्नचे ओपोले झाले. जर्मन म्हणून गणलेल्यांपैकी बहुतेकांना घालवून देण्यात आले. जे घरात पोलिशला जवळची सायलेशियन बोली बोलत, त्यांना 'तपासून' ठेवून घेतले. आणि रिकाम्या घरांत माणसे आली ती पोलंडच्या पूर्वेकडून, कारण तो पूर्वभाग सोव्हिएत संघाने घेतला होता. बाईंची आई अशीच ल्वूफच्या बाजूने मालगाडीत बसून आली. सोबत एक गाय, एक शिवणयंत्र आणि घराची किल्ली. ते घर पुन्हा दिसले नाही. किल्ली मात्र अजून आहे.

हे ऐकताना मला कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवले. तिकडे नोकरीत असताना जुन्या माणसांच्या तोंडून मी तिथल्या पोलिश वसाहतीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. ती माणसेही पूर्व पोलंडचीच. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरियाकडे नेले. तिथून सुटून इराणमार्गे 1943 मध्ये सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका-मुले, वळिवड्याला आली आणि 1948 पर्यंत राहिली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे. एकाच मुलखातून उठवलेली माणसे. काही पंचगंगेकाठी पोहोचली, काही ओद्रेकाठी. बाईंना हे ठाऊक नव्हते. 'पंचगंगा' हे नाव त्यांनी दोनदा म्हणवून घेतले आणि वहीत लिहून ठेवले.

बाईंचे यजमान मात्र इथल्याच मातीतले, घरात सायलेशियन आणि आजीशी जर्मन बोलणारे. साम्यवादी राजवटीत ती जर्मन रस्त्यावर ऐकू येऊ द्यायची नाही, असा दंडक होता. या भागातल्या शाळांत ती शिकवलीही जात नसे. म्हणजे एका घरात बाहेरून आलेली सून आणि सीमा डोक्यावरून गेलेला नवरा. असे संसार या प्रांतात हजारोंनी झाले. मिरोस्लाव क्लोजे हा फुटबॉलपटू आपल्याकडच्या मुलांनाही माहीत आहे. तो याच ओपोलेत 1978 साली जन्मला. वडील ओपोलेच्या क्लबात खेळत. मुलगा लहानपणी जर्मनीला गेला आणि 2014 मध्ये जर्मनीकडून विश्वचषकातला आपला सोळावा गोल मारून विक्रम करून बसला. त्या वेळी ओपोलेत किती घरांत टाळ्या वाजल्या आणि किती घरांत उसासे, हे विचारू नये. बाई म्हणतात, एकाच घरात दोन्ही.

आता 1998 कडे येतो, कारण मला खरे सांगायचे आहे ते त्याच वर्षाचे.

साम्यवादी राजवटीने 1975 मध्ये देशाचे 49 लहान लहान प्रांत केले होते आणि मधला जिल्ह्याचा स्तर, ज्याला ते पोव्यात म्हणतात, तो काढूनच टाकला होता. लोकशाही आल्यावर 1990 मध्ये सर्वांत आधी गावपातळीच्या ग्मिनांना निवडून दिलेली मंडळे आणि स्वतःची तिजोरी मिळाली. वरचे काम राहिले होते. येर्झी बुझेक यांच्या सरकारने ते हाती घेतले. मिखाऊ कुलेशा यांच्यासारख्या कायदेपंडितांनी आराखडा केला: जिल्हे परत आणायचे आणि 49 प्रांतांचे 12 मोठे प्रांत करायचे. युरोपीय संघात शिरायचे तर भक्कम, पैसा पेलणारे प्रांत हवेत, हा विचार होता. विचार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मीही त्या टेबलाशी बसलो असतो तर कदाचित बाराच केले असते. त्या बारांत ओपोले नव्हते. पश्चिमेच्या ब्झेग-नामिस्वूफला लोअर सायलेशियात घालायचे आणि उरलेला भाग कातोवित्सेच्या मोठ्या प्रांतात, असे ठरत होते.

सर्वांत आधी हादरले ते जर्मन अल्पसंख्य. ओपोलेत त्यांचे वजन होते. कोळसा खाणींच्या, लाखालाखांच्या शहरांच्या त्या भल्यामोठ्या प्रांतात ते मिठासारखे विरघळले असते. त्यांचा विरोध सरकारने गृहीत धरलाच असेल. गृहीत धरले नव्हते ते बाकीच्यांचे. ज्यांची आईबापे ल्वूफहून आली, ज्यांना जर्मनांविषयी प्रेम असण्याचे काही कारण नव्हते, तेही उठले. ओपोलेच्या रक्षणासाठी नागरिकांची समिती झाली. सह्या गोळा झाल्या, वॉर्सात मोर्चे गेले, आणि एका दिवशी प्रांताच्या मुख्य रस्त्याच्या कडेने लोकांनी हातात हात घालून मानवी साखळी केली. बाई आणि त्यांचे यजमान तिच्यात होते. "माझ्या उजव्या हाताला नवरा होता," बाई म्हणाल्या, "आणि डाव्या हाताला एक म्हातारे जर्मन गृहस्थ. वीस वर्षे आम्ही एकाच रस्त्यावर राहत होतो. त्या दिवसापर्यंत त्यांचा हात मी कधी हातात घेतला नव्हता."

मी विचारले, पण तुम्हाला नेमके हवे काय होते? प्रांत उणापुरा पन्नास वर्षांचा, तोही साम्यवाद्यांनी आखलेला. त्यात प्राचीन असे काय होते? त्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाल्या, "एक वर्ष आधी पूर आला होता ना."

जुलै 1997 मध्ये ओद्रेला महापूर आला. पोलंडमध्ये पन्नासहून अधिक माणसे गेली. ओपोले शहराचा नदीपलीकडचा सारा भाग पाण्याखाली होता. बाईंचे बिऱ्हाड तिथेच. त्या दिवसांत कोण कोणाच्या माडीवर राहिले, कोणी कोणाला पाव दिला, हे लोकांच्या ध्यानात राहिले. पुरात एकत्र भिजलेल्या माणसांना वर्षाच्या आत कोणी सांगितले, की तुम्ही एकत्र असण्याला काही अर्थ नाही, तर ती चिडणारच. हे माझे अनुमान आहे, बाईंचे नव्हे. त्या फक्त पुराविषयी बोलल्या आणि गप्प बसल्या.

वॉर्सात पुढे घासाघीस झाली. संसदेने 15 प्रांतांचा कायदा केला; जुलै 1998 च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्वाश्नेव्स्की यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. अखेर 16 वर तडजोड झाली. 24 जुलै 1998 रोजी कायदा संमत झाला, 1 जानेवारी 1999 पासून अमलात आला, आणि ओपोले नकाशावर राहिले. वर ओलेस्नोही परत मिळाले. याच तडजोडींतून दुसरीकडे मोठ्या गमती झाल्या. एका प्रांतात ब्यिदगोश्च आणि तोरुन या दोन शहरांचे जमेना, तेव्हा सरकारी अधिकारी एका शहरात आणि निवडून दिलेली सभा दुसऱ्यात बसवली. लुबुश प्रांतातही तसेच: गोझूवला अधिकारी, झेलोना गुराला सभा. नागपूरचे हिवाळी अधिवेशन पाहिलेल्या माणसाला हसू आवरते, पण फारसे नवल वाटत नाही.

ओपोलेत मात्र दोन्ही सत्ता एकाच छपराखाली नांदतात. ही इमारत मला मुद्दाम पाहायची होती. ओद्रेच्या बेटावर एक गोल विटांचा बुरूज उभा आहे. पियास्तांच्या किल्ल्याचा तेवढाच अवशेष. किल्ला 1928 ते 1931 च्या दरम्यान पाडला, कारण जर्मन राजवटीला तिथे जिल्हा प्रशासनाची कचेरी बांधायची होती. सातशे वर्षांचा किल्ला पाडून कचेरी! आमच्या खात्याचे दोषही मला दिसतात, पण एवढी हिंमत आम्ही केली नाही. ती कचेरी अजून आहे आणि तिच्यातूनच प्रांताचा कारभार चालतो.

कारभाराची रीत आपल्या वाचकाला चटकन समजेल. व्होयेव्होदा हा अधिकारी पंतप्रधान नेमतात. आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा तो सरकारचा माणूस. खालच्या मंडळांचे ठराव कायद्यात बसतात की नाही ते पाहणे, पारपत्रे देणे, पूर-आगीच्या वेळी सूत्रे हाती घेणे ही त्याची कामे. दुसरीकडे सेयमिक ही लोकांनी निवडलेली तीस जणांची प्रांतसभा. ती आपला मार्शल निवडते आणि रस्ते, प्रादेशिक रेल्वे, रुग्णालये, युरोपीय संघाचा विकासनिधी हे सारे मार्शलच्या मंडळाकडे. आपली जिल्हा परिषद समजा. फक्त तिच्या हातात खरोखरच पैसा आहे. प्रांताखाली अकरा पोव्यात आणि बाराव्याच्या बरोबरीने ओपोले शहर. पोव्यातांच्या खाली 71 ग्मिना. ग्मिनेचा प्रमुख, खेड्यात वुइत आणि शहरात बुर्मिस्त्झ, 2002 पासून थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. घरांवरचा, कारखान्यांवरचा मालमत्ता कर ग्मिनेचा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल.

एक मात्र खरे, की लहान प्रांतात जे झाले ते मोठ्यात झाले नसते. 2005 च्या अल्पसंख्याकांविषयीच्या कायद्याने असे ठरले, की जनगणनेत ज्या ग्मिनेत अल्पसंख्य वीस टक्के असतील तिथे त्यांची भाषा कचेरीत सहायक भाषा होऊ शकते. गावांच्या पाट्याही दोन भाषांत लागू शकतात. देशात असे पहिले पाऊल याच प्रांतातल्या रादवूफ ग्मिनेने टाकले. आज बसने जाताना वर पोलिश आणि खाली जर्मन नाव असलेल्या पाट्या ओळीने दिसतात. काहींवर कोणी रात्री रंग फासतो, सकाळी ग्मिनेचा माणूस पुसतो. सगळे गोडीगुलाबीचे चालले आहे, असा समज करून घेऊ नये. 2022 मध्ये तेव्हाच्या सरकारने शाळांत अल्पसंख्याकांची भाषा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या जर्मनचे आठवड्याचे तीन तास कापून एकच ठेवला. ते 2024 मध्ये परत दिले. जर्मन अल्पसंख्याकांचे 1991 मध्ये संसदेत सात सभासद होते, मग घटत एक उरला आणि 2023 च्या निवडणुकीत तोही गेला. तरुण मंडळी जर्मनीत, हॉलंडमध्ये कामाला जातात. अर्ध्या गल्ल्यांत दिवाळीसारखी गजबज नाताळातच, एरवी पडदे ओढलेले. जो प्रांत हातात हात घालून वाचवला, तो आता माणसांवाचून झिजतो आहे.

एवढे पाहून मी गोष्ट इथेच संपवली असती आणि लहान प्रांताचे गोडवे गाऊन परत आलो असतो. पण दुपारी बाई आम्हाला आपल्या नणंदेकडे जेवायला घेऊन गेल्या, शहराच्या उत्तरेला चार्नोवांसी येथे. टुमदार गाव, अंगणात चेरीची झाडे. नणंदबाई सत्तरीच्या. मी सहज म्हणालो, खेडे छान आहे. त्या म्हणाल्या, "खेडे नाही हे. 2017 पासून आम्ही ओपोले शहरात आहोत. आम्हाला कोणी विचारले नाही. म्हणजे विचारले, पण ऐकले नाही."

प्रकरण असे. चार्नोवांसी हे गाव दोब्झेन व्येल्की या ग्मिनेत होते. त्याच ग्मिनेत कोळशावर चालणारे ओपोलेचे मोठे वीजकेंद्र. त्याचा मालमत्ता कर ग्मिनेला मिळे, म्हणून ग्मिना श्रीमंत: शाळा, क्रीडागृह, बालवाडी, सारे चोख. शहराने ठरवले, की आपली हद्द वाढवायची. शहराची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ओपोलेची वस्ती घटत होती, कारखान्यांना जागा नव्हती. राजधानी दुबळी राहिली तर उद्या पुन्हा कोणी प्रांतच मोडायला निघेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मात्र जी जागा निवडली तिच्यात ते वीजकेंद्र नेमके येत होते. प्रांत मोडायला संसदेचा कायदा लागतो. ग्मिनेची हद्द मंत्रिमंडळाच्या आदेशाने बदलते. लोकांचे मत घेणे सक्तीचे आहे, मानणे नाही. ग्मिनेतल्या लोकांनी मोठ्या बहुमताने नको म्हटले. जुलै 2016 मध्ये आदेश निघाला. डिसेंबरात दोब्झेनला लोक उपोषणाला बसले. 1 जानेवारी 2017 रोजी शहर 97 चौरस किलोमीटरांवरून 149 वर गेले. चार ग्मिनांचे तुकडे त्यात आले, वीजकेंद्रही आले.

मला इथे सर्वांत टोचले ते हे, की ज्यांनी ओपोलेला गिळू दिले नाही त्यांच्याच शहराने शेजाऱ्याचा घास घेतला, आणि त्यासाठी पुढे केलेले कारण 1998 च्या साखळीचेच होते. प्रांत वाचवायचा म्हणून गावे घ्यायची! लहान असणे हा काही पुण्याचा गुण नव्हे. लहानालाही आपल्याहून लहान सापडतो. नणंदबाईंच्या गावात जर्मन बोलणारी बरीच घरे आहेत. ग्मिनेत त्यांची टक्केवारी भरत होती; सव्वा लाखाच्या शहरात ती कोण मोजणार? 1998 मध्ये जर्मन मंडळींना जी भीती मोठ्या प्रांताची वाटली, तीच त्यांना इथे आपल्याच राजधानीची वाटली. हद्दवाढ योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. पण ज्यांची पाटी बदलायची त्यांचा नकार आधी मागून घ्यायचा आणि मग बाजूला ठेवायचा, हे मला पटत नाही. त्यापेक्षा न विचारणे बरे. निदान अपमान तरी एकदाच होतो.

बाई यावर काही बोलल्या नाहीत. आपल्या शहराची बाजूही त्यांनी घेतली नाही आणि नणंदेचीही. त्यांनी विषय काढला तो निसा गावाचा.

सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी ओद्रेने ओपोलेला फारसे छळले नाही, कारण वरच्या अंगाला रात्सिबूझ येथे 2020 मध्ये पूर्ण झालेल्या जलाशयाने पाणी अडवून धरले. तो जलाशय शेजारच्या सायलेशिया प्रांतात आहे. म्हणजे एका प्रांताच्या जमिनीवर दुसऱ्याचे रक्षण झाले. संकट आले ते दक्षिणेकडून. चेक डोंगरांतून आलेली ब्याला नदी ग्वुहोवाझी गावात शिरली आणि तिथला पूल घेऊन गेली. क्वोद्स्कोच्या खोऱ्यात, लोअर सायलेशियात, स्त्रोन्ये येथील धरणाचा बांध 15 सप्टेंबरला फुटला आणि निसा नदी फुगून खाली आली. 16 तारखेला सरकारने आपत्तीची स्थिती जाहीर केली. त्या रात्री निसा गावाजवळचा बांध खचू लागला. गाव सोडा, असे सांगितले जात होते. बरेच जण निघालेही. पण शेकडो माणसे अंधारात बांधावर गेली आणि हातोहात वाळूची पोती पोहोचवीत उभी राहिली. बांध टिकला.

"साखळीच होती," बाई म्हणाल्या. "टीव्हीवर पाहिली. मला वाटले, आपण त्यात असायला हवे होते." त्या साखळीत कोण पोलिश, कोण जर्मन, कोण सायलेशियन, हे टीव्हीवर दिसत नव्हते. पाण्याने प्रांताची हद्द पाहिली नाही हेही खरे, आणि पोती वाहायला आलेली माणसे त्या हद्दीच्या आतलीच होती हेही खरे.

संध्याकाळी परतीच्या गाडीपूर्वी नणंदबाईंनी चहा केला. मी महसूल खात्यात होतो हे एव्हाना त्यांना कळले होते. त्यांनी मुलीमार्फत विचारले, "यांनी कधी गावांच्या रेघा बदलल्या आहेत का?"

बदलल्या होत्या. नव्या तालुक्याची रचना चालू असताना काही गावे एकीकडून दुसरीकडे देण्याचे कागद माझ्या टेबलावरून गेले होते. एका गावची म्हातारी सातबाराचा उतारा छातीशी धरून, तीन गाड्या बदलून, जुन्याच कचेरीत आली होती. तिला मी सांगितले, आजी, तुमचे गाव आता या तालुक्यात नाही. ती म्हणाली, "गाव तर हाय तिथंच हाय की रं बाबा. कुनी हालीवलं?" कचेरीत सगळे हसले. मीही हसलो.

मुलीने हे सगळे भाषांतर करून सांगितले. मला वाटले, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "बदलण्याआधी तुम्ही त्यांना विचारले होते का?"

मी म्हणालो, हो, कायद्याप्रमाणे विचारले होते. चावडीवर नोटीस लावली होती. हरकती मागवल्या होत्या. मुदत दिली होती.

"मग किती हरकती आल्या?"

"एकही नाही," मी म्हणालो.

मुलगी जराशी थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि मग तेवढेच भाषांतर केले. नणंदबाईंनी मान डोलावली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.